या जेलात कोण नाई?

कुरखेड्याच्या कॉलेजात मी रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझं जसं स्वागत झालं तसं नंतर कुठेही झालं नाही. कोपऱ्यात बशीतून चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, अब्बा तिथेच पॉवर स्टेशनात फिटर होते, हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग समाधानानं बशी खाली ठेवून म्हणाले, "वा! बाई, मुसलमान आणि चंद्रपूर जिल्हा. एका खुर्चीत तीन जागा भरल्या."

मला राग आला. मी म्हटलं, "सर, मी इतिहास शिकवायला आलेय."

"हो, तेही आहेच," ते म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.

हे आमचे राज्यशास्त्राचे सर. उंची बेताची, शर्ट अर्ध्या बाहीचा, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कायमचं बंद पडलेलं. बंद पेन कशाला बाळगता, असं विचारलं तर म्हणत, "मंग त्यानं कुठी जावं?" त्यांच्यावर चिडायला दिवसातून दोनदा तरी कारण मिळायचं आणि चिडणं कधी पुरं व्हायचं नाही, कारण मध्येच हसू यायचं.

पोरं त्यांना हजेरीवाले सर म्हणायची. वर्गाची हजेरी ते कधीच घेत नसत. ती त्यांनी पोरांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवली होती, आणि कापणीच्या दिवसांत ती बुद्धी पोरांबरोबर धानाच्या बांधीत असायची. सर हजेरी घ्यायचे ती बाकी जगाची. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेण्याआधी मान वळवून सगळीकडे बघायचे आणि विचारायचे, "बरं, यात कोण नाई?" एसटीत चढले की तेच. गणपतीची वर्गणी मागायला मंडळ आलं की तेच. यजमान बिचारा घाबरून जायचा. कोणाला बोलवायचं राहिलं की काय म्हणून आत बायकोला विचारून यायचा.

एकदा कॉलेजचा ग्रुप फोटो होता. फोटोग्राफर वडसा गावाहून आलेला, त्याला परतायची घाई. सर म्हणाले, "थांबा. कोण नाई?" मग शिपाई भाऊंना बोलावलं. मग कॅन्टीनवाल्या बाईंना. मग झाडणाऱ्या मावशींना, रात्रपाळीच्या वॉचमनला, तो घरी झोपला होता त्याला उठवून. फोटोग्राफर मागे मागे सरकत पार कुंपणाला टेकला. प्राचार्य वैतागून खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना आवरा आवरा म्हणत कॅमेऱ्याच्या बाजूला आले, नेमका तेव्हाच फोटोग्राफरनं फोटो काढला. फ्रेम होऊन आल्यावर सर बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "यात प्राचार्य नाई." तो फोटो अजून तसाच लागलेला आहे.

ईदला ते आमच्याकडे ऊर्जानगरला आले होते. अम्मीनं शीरखुर्म्याची वाटी पुढे केली. सरांनी वाटीत डोकावून, सवयीनं, विचारलं, "यात कोण नाई?" अम्मी सरळ बाई. ती म्हणाली, "चारोळी नहीं डाली भाऊ, महंगी हो गई." पुढच्या ईदच्या आधी सर कुरखेड्याच्या बाजारातून जंगलची चारोळी पिशवी भरून घेऊन हजर. तेव्हापासून अम्मीच्या मते जगात एकच प्रोफेसर आहे.

पण सरांचा जीव अडकला होता एका जुन्या पिक्चरमध्ये. काळा-पांढरा, जेलचा. प्रतिनिधित्व हा अभ्यासक्रमात एका परिच्छेदाचा विषय, पण सर त्यासाठी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना तो अख्खा पिक्चर दाखवायचे. पडदा म्हणून घरची चादर. तिला निळी फुलं होती, त्यामुळे त्या जेलच्या भिंतींवर कायम फुलं उमललेली असायची, आणि जेलर दारात येऊन उभा राहिला की नेमकं एक फूल त्याच्या टोपीवर यायचं.

गोष्ट साधी होती. हीरो निरपराध. जेलातही त्याचा भांग मोडत नाही. जेलर कडक, पण आतून हळवा. जेलरची मुलगी कैद्यांना पुस्तकं वाटते आणि हीरोला जरा जाड पुस्तक देते. एक म्हातारा मुसलमान कैदी, सगळे त्याला चाचा म्हणतात. एक मद्रासी स्वयंपाकी, तो तोंड उघडेल तिथे लोकांनी हसायचं. आणि हीरोला स्वप्न पडतं, त्यात डोक्याला पिसं लावलेल्या आदिवासी बाया नाचतात. स्वप्न का पडतं ते कळत नाही.

"थांबवा!" सर ओरडायचे. पोरगं लॅपटॉपचं बटण दाबायचं. "आता सांगा. चाचा मरते कवा?"

"इंटरवलच्या आधी, सर!" सगळा वर्ग.

"मरताना काय करते?"

"हीरोले चांगलं सांगते, सर!"

"म्हणजे मुसलमान आहे, चांगला आहे, आणि मेला आहे. हे काय प्रतिनिधित्व झालं?" मग माझ्याकडे वळून, कारण दरवर्षी मला मागच्या बाकावर बसवलेलंच असायचं, "मॅडम, तुमाले काय वाटते?"

"सर, या वर्षी तरी जगेल असं वाटलं होतं," मी म्हणायचे.

स्वयंपाक्याची हजेरी व्हायची, पिसांची व्हायची. बाई कैदी एकही का नाही, बायका गुन्हे करत नाहीत काय, यावर मुली तावातावानं बोलायच्या. शेवटी सर निकाल द्यायचे, "पिक्चर नापास. पण पुढच्या साली पुन्हा बसवू." असा तो पिक्चर वर्षानुवर्षं परीक्षेला बसत होता आणि वर्षानुवर्षं नापास होत होता.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. कैदी हातात थाळ्या घेऊन रांगेत उभे आहेत, असं एक दृश्य होतं. ते आलं की सर काही विचारायचे नाहीत. चादरीजवळ जायचे आणि एकेका कैद्याचा चेहरा अगदी नाकाला नाक लावून बघायचे. त्यांची सावली पडायची, पोरं ओरडायची, "सर, बाजूले व्हा, दिसून नाई राह्यलं!" सर बाजूला होत नसत.

ते कोणाला शोधत होते हे मला चिमूरच्या रस्त्यावर कळलं. सरांचं गाव चिमूरजवळ. तिथे त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही स्टाफची मंडळी जीपनं निघालो होतो. टायर पंक्चर झालं, बाकीचे चहाच्या टपरीकडे गेले, आणि सर रस्त्याकडेच्या दगडावर बसून एकदम बोलायला लागले.

"मॅडम, आमच्या गावाकडं जेलात जाणं मोठ्या मानाचं. बेचाळीसच्या चळवळीत ज्याइच्या घरचे गेले, त्याइच्या घरी फोटो, फोटोले हार. मी तिसरीत होतो. झेंडावंदनाले गुरुजी म्हणाले, ज्याइच्या घरचे जेलात गेले ते उभे राहा. पोरं उभी राह्यली. मी बी राह्यलो. छाती काढून."

"तुमच्याकडचे कोण होते चळवळीत?"

"कोणीच नाई. माहा बाप मी तिसरीत असतानाच सुटून आला होता. घराच्या आढ्यासाठी एक सागवान तोडला होता त्यानं. फॉरेस्टची केस." सर हसले. "गुरुजी म्हणाले, तू बस. सारी शाळा हासली. मी बसलो, मॅडम. तवापासून बसूनच आहो."

मी उगाच विचारलं, "मग घराला आढं तेच आहे का अजून?"

"कुठी? लाकूड तं जप्त झालं. बापही गेला आणि आढंही गेलं." हे सांगतानाही त्यांना हसूच येत होतं, आणि मला त्यांचं ते हसणं सहन होत नव्हतं. बाप सुटून आला तो थोड्याच वर्षांत आजारानं वारला. माय जन्मभर सांगत राहिली की नवरा तेव्हा बल्लारशाला कामाला गेला होता. गावात सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे बल्लारशाच म्हणत होते. कुरखेड्यात तर कोणाला काहीच ठाऊक नव्हतं.

"त्या पिक्चरच्या जेलात खुनी आहे, डाकू आहे, निरपराध हीरो आहे," सर म्हणाले. "एक लाकडावाला नाई. आपल्या इकडच्या जेलात तं अर्धे तेच असतात. माहा बाप कोणत्याच जेलात नाई. मायच्या बोलण्यात नाई, गुरुजीच्या नाई, पिक्चरमधी बी नाई. रिटायर व्हायच्या आधी एकदा लोकायसमोर सांगाचं आहे मले, बस. माय सांगू देत नाई."

त्यांचं रिटायर व्हायचं वर्ष आलं, आणि त्या वर्षीच्या गॅदरिंगला सरांनी जाहीर केलं की आता पिक्चरला नावं ठेवणं पुरे, तो पिक्चर आपण नाटक करून बसवू. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक पाहिजेच. माणूस भाकरीवाचून राहील. त्यामुळे नाटकाला ना नव्हती. प्राचार्य फक्त म्हणाले, "बसवा, पण विनोदी बसवा."

सरांच्या डोक्यात पक्कं होतं. आपल्या जेलात सगळे असतील. चाचा शेवटपर्यंत जगेल. स्वयंपाकी मद्रासी नसेल, पिसं नसतील, बाया असतील.

आणि मग सगळं उलटं व्हायला लागलं.

बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करणारे एक चाचा खरंच होते, आवाज दणदणीत, जुने हौशी नट. सर आणि मी त्यांच्याकडे गेलो. सर म्हणाले, "चाचा, या नाटकात तुमी मरत नाई."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "मरत नाई? मंग मी कायले येऊ सर? पब्लिक मरण्यासाठीच तं पाह्यते मले." मागे एका मंडईत ते एवढे सुरेख मेले होते की वन्स मोअर घेऊन पुन्हा मेले होते.

सिरोंच्याचा एक तेलुगू बोलणारा पोरगा होस्टेलला होता. सरांनी त्याला हीरो केला. तो दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. "सर, हीरो नको. तो निसता रडून राह्यते. स्वयंपाकी द्या ना मले, त्याचे डायलॉग भारी हायेत." तिसऱ्या वर्षाला कोरचीकडची एक गोंड मुलगी होती, वर्गात सगळ्यात हुशार. सरांनी तिला बोलावून त्या पिसांबद्दल पिक्चरच्या वतीनं माफी मागितली आणि सांगितलं की आपल्या नाटकात नाच नाही. ती शांतपणे म्हणाली, "सर, नाच ठेवा. आमाले नाचायचं आहे. पिसं नको, ढोल आमचा राह्यीन, बस." सर दोन दिवस पुस्तकं चाळत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, हे पुस्तकात नाई लिहिलेलं."

खरी पंचाईत कैद्यांची झाली. आमच्या जिल्ह्यातली निम्मी पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात. पोलीस भरती, फॉरेस्ट भरती. खाकी अंगावर चढावी एवढंच त्यांचं स्वप्न. अशा पोरांना सर सांगत होते, कैदी व्हा. एकानं धीर करून विचारलं, "सर, कैद्याच्या ड्रेसमधला फोटो व्हायरल झाला, तं चारित्र्य पडताळणीत अडकन का?"

"नाटक आहे बे ते!"

"हो सर. पण साहेबाले काय माहीत?"

ही शंका एका संध्याकाळीत सगळ्या मोबाइलवरून तालुकाभर फिरली. दुसऱ्या दिवसापासून आईबाप यायला लागले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "सर, साऱ्या समाजाचे घ्या, चांगलं आहे. पण आमचाच पोरगा चोर काऊन? त्याले जेलर करा." सर समजावत होते की चोरही समाजाचाच असतो, आणि प्रत्येक समाजाला वाटत होतं की तो पलीकडच्या समाजाचा असतो. एकेक करत सगळे कैदी खाकीत गेले. गोंड मुलगी जेलर झाली. सिरोंच्याचा पोरगा पोलिसांचा स्वयंपाकी झाला. सायकलवाल्या चाचांचा मुलगा भरतीचा, म्हणून त्यांना हवालदार करून मारायचं ठरलं. वडश्याला ड्रेस भाड्यानं आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "खाकी पाहिजे तेवढी न्या. कैद्याचे कोणी नेतच नाई, उंदरानं खाल्ले."

असं एक जेल तयार झालं, ज्यात सगळ्यांचं प्रतिनिधित्व होतं आणि कैदी एकही नव्हता.

मी हसून हसून बेजार झाले. सर खुर्चीत बसले होते, खिशातलं बंद पेन काढून कागदावर घासत. म्हणाले, "बरं, या जेलात कोण नाई?" मी म्हटलं, "कैदी नाही, सर." त्यांनी पेन परत खिशाला लावलं. मग म्हणाले, "मंग मीच होतो कैदी."

ही बातमी त्यांच्या घरी पोचली आणि घरात चूल पेटली नाही. सरांची माय त्यांच्याजवळच राहायची, वाळलेली, वाकलेली, पण आवाज खणखणीत. मला बोलावणं आलं. मी गेले तर माय दारात बसलेली.

"बाई, तू तरी सांग त्याले. राजा बन म्हणा, भिकारी बन म्हणा. कैदी कायले बनते? म्या जलमभर झाकलं. इथी कोणाले माहीत नाई. आता हा म्हातारपणी इज्जत चव्हाट्यावर नेते."

"माय, त्यात लाज कसली? एक झाड तर तोडलं."

"तुले काय माहीत? शाळेतून रडत आला होता हा. उभा राह्यलो, बसवलं म्हणे. म्या काय केलं? जवळ घेतलं? नाई. वरून दोन ठेवून देल्या. उभा काऊन राह्यला म्हणून." तिनं पदर तोंडावर घेतला. थोड्या वेळानं पदरातूनच म्हणाली, "मी नाई येत पाह्याले. सांग त्याले."

मी सांगितलं. सर म्हणाले, "नाई येत तं नोको येऊ." पण त्यानंतर तालमीत त्यांचे संवाद वारंवार चुकायला लागले. जेलर झालेली मुलगी विचारायची, "कैदी, तुझा गुन्हा काय?" आणि पिक्चरप्रमाणे "मी निरपराध आहे साहेब" एवढं एकच वाक्य त्यांना म्हणायचं होतं, ते त्यांच्या तोंडून निघायचं नाही. मला कळत होतं. माय नको म्हणत असताना ते बापाचं नाव घेणार नव्हते, आणि बाप निरपराध होता असं खोटं बोलणारही नव्हते.

गॅदरिंगचं नाटक दुपारी होतं, कारण संध्याकाळनंतर खेड्यांकडे एसटी जात नाहीत. मैदानात मांडव, बाया एकीकडे, माणसं एकीकडे, मागे कुंपणावर पोरं. ऊर्जानगरहून अम्मी-अब्बा आले होते. कैद्याचा ड्रेस मीच शिंप्याकडून शिवून घेतला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या गादीच्या कापडाचा. दुसरं पट्ट्यांचं कापड मिळालं नाही. ते एवढं कडक होतं की सर चालायला लागले की आवाज यायचा.

पडदा उघडला. रंगमंचावर खाकीच खाकी. शिट्ट्या सुरू झाल्या, आपापली पोरं बघून आईबापांनी मोबाइल वर केले. मग एवढ्या पोलिसांच्या मधून गादीच्या कापडात एक बुटके गृहस्थ करकर करत पुढे आले आणि सगळा मांडव फुटला. मागून कोणीतरी ओरडलं, "काय केलं गा यानं? एवढे पोलीस!"

चाचा हवालदार घाईनं आले आणि आधीच मेले, कारण त्यांना हशा वाया जाऊ द्यायचा नव्हता. टाळ्या झाल्या. मग जेलरनं टोपी नीट केली आणि विचारलं, "कैदी, तुझा गुन्हा काय?"

पडद्याआडून मी वाक्य पुटपुटले, एकदा, दोनदा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लोकांकडे. बायांच्या बाजूला त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली, चादरीवरच्या त्या रांगेवरून फिरायची तशी. माय दिसली नसावी. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले,

"गुन्हा केला साहेब. एक सागवान तोडला. घराच्या आढ्यासाठी."

लोक हसले. पण आधीचं हसू वेगळं आणि हे वेगळं. हे ओळखीचं होतं.

"हा मी नाई," सर लोकांना म्हणाले. "हा माहा बाप होय. तो खरंच जेलात गेला होता. बल्लारशाले नाई. तिसरीत मले गुरुजीनं इचारलं होतं, कोणाकोणाच्या घरचे जेलात गेले, उभे राहा. मी उभा राह्यलो तं बसवलं. आज मी इचारतो. लाकडासाठी, बांबूसाठी, मोहासाठी, ज्याइच्या घरचे कोणी आत गेले असन, त्यायनं उभं राहा."

कोणी उठेना. शेजारचा शेजाऱ्याकडे बघत होता. खाकीतली पोरं बुटांकडे बघत होती. मला वाटलं, या माणसाला आज दुसऱ्यांदा बसवलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूला, अगदी मागे, कुंपणाजवळ कोणीतरी उठलं. उठूनही ते फार उंच झालं नाही. मागच्या पोरांतून ओरड आली, "ए माय, बस ना! दिसून नाई राह्यलं!"

"नाई बसत!" तो खणखणीत आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "त्या दिशी माह्या पोराले बसवलं. आता मले बसवून दाखवा."

सर तिथेच उभे होते, गादीच्या कापडात, आणि ते रडत होते हे शेवटच्या रांगेलाही दिसत होतं. मीही रडत होते, ते कोणाला दिसलं नाही.

पहिले उठले ते मेलेले चाचा. "माहा आजा बी," ते म्हणाले. "मोहाची दारू. दोनदा." जेलरनं टोपी काढून बगलेत धरली. "माहे काका. बांबू." मग माणसांच्या बाजूनं एक धोतरवाले उठले, मग त्यांच्या मागचे, मग एक बाई मुलाला कडेवर घेऊन. जे आईबाप आपला पोरगा चोर नको म्हणून भांडायला आले होते, तेही उठत होते. कोणी पलीकडच्या समाजाचा शोधायची गरज राहिली नाही, सगळेच उभे होते. भरतीच्या पोरांपैकी एकानं हळूच मला विचारलं, "मॅडम, पडताळणीत फक्त सोताचं पाह्यतात ना? आज्याचं नाई ना?" मी नाही म्हटलं. त्यानं पट्टा सोडला आणि सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्च्यांत, आमचे अब्बा उभे राहिले. अम्मीनं त्यांचा शर्ट खाली ओढला. "बैठो जी, आप कहां उठ रहे? आप कब गए थे?"

"शादी के पहले," अब्बा म्हणाले. "जलाऊ लकड़ी."

अम्मी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. जेलात गेले म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून.

नाटक पुढे गेलं नाही. हीरोची सुटका, जेलरची मुलगी, काहीच झालं नाही. रंगमंचावर एवढी माणसं चढली की फळ्या कुरकुरायला लागल्या. होस्टेलच्या मुलींनी ढोल काढला. प्राचार्य धावत आले, सगळ्यांना खाली उतरा म्हणायला, आणि एका म्हाताऱ्यानं त्यांनाच विचारलं, "तुमच्या घरचं कोण होतं, साहेब?"

मांडव रिकामा झाल्यावर आम्ही स्टेजच्या मागे चहा पीत बसलो. माय एका ट्रंकेवर बसली होती. सर जमिनीवर, ते कापड वाकत नव्हतं म्हणून पाय सरळ पसरून. बशीतून चहा पिऊन झाला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलंच, "बरं, यात कोण नाई?"

मी काही म्हणणार होते. पण मायच बोलली, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत.

"तुहा बाप नाई," ती म्हणाली. "त्याले नाटकाचा लय शौक होता."